ताडीवाला रोडचा अल्ताफ : एमसी स्टॅनची वाटचाल आणि घरच्यांना माहीत असाव्यात अशा काही गोष्टी

एमसी स्टॅन या नावाने ओळखला जाणारा अल्ताफ शेख हा पुण्याचा रॅपर, गीतकार आणि संगीत निर्माता. जन्म ३० ऑगस्ट १९९९. पुणे रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या ताडीवाला रोडच्या वस्तीत तो वाढला. २०१८ पासून यूट्यूबवर गाजत गेलेली गाणी, २०२० मध्ये ‘तडीपार’ आणि २०२२ मध्ये ‘इन्सान’ हे अल्बम, आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचं विजेतेपद, ही त्याची थोडक्यात ओळख.

आपल्या बहुतेक घरांत ही ओळख उलटी सुरू होते. आधी टीव्हीवरची ट्रॉफी, मग गळ्यातली जाड साखळी, मग अस्सी हजारांचे बूट, आणि शेवटी कधीतरी ‘हा गातो काय?’ हा प्रश्न. ट्रॉफीच्या आधीची चार-पाच वर्षं कुणी विचारत नाही. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. वह्या तपासायला घेतल्या की मागच्या पानावर काय चाललंय ते आपोआप दिसतं. पूर्वी तिथे शेर असायचे, क्रिकेटचे संघ असायचे. आता ओळीखाली ओळ, शेवटचा शब्द जुळवलेला, मध्येच खाडाखोड, आणि कोपऱ्यात स्वतःचं नवं नाव : एमसी अमुक, एमसी तमुक. पालकसभेला अम्मी येतात आणि हळूच विचारतात, “सर, हे रॅपर म्हणजे काय असतं? याचे अब्बू चाकणला कंपनीत आहेत, रात्रपाळी करून येतात, आणि हा हेडफोन लावून बसतो.” हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. उदाहरण म्हणून स्टॅन, कारण तो लांबचा नाही. चिंचवडहून लोकल पकडली की पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर आणि मग पुणे स्टेशन. उतरलं की पलीकडेच ताडीवाला रोड.

रॅप, बीट, बार

हिप-हॉपची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाली, असं मानतात. तारीखही सांगतात : ११ ऑगस्ट १९७३. डीजे कूल हर्क नावाच्या, जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाने आपल्या इमारतीत बहिणीसोबत एक पार्टी ठेवली. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून-पालटून वाजवत ठेवायचा आणि त्यावर माइकवरून बोलायचं, अशी ती कल्पना. ‘एमसी’ म्हणजे मुळात कार्यक्रमाचा निवेदक. तालावर बोलता बोलता निवेदक कवी झाला. ‘स्टॅन’ हे नाव एमिनेम या अमेरिकन रॅपरच्या वेड्या चाहत्यावरच्या २००० सालच्या गाण्यावरून आलं आहे, असं सांगतात.

बीट म्हणजे मागे वाजणारी पूर्ण चाल : ढोल, बेस, एखादा पियानो किंवा बासरीचा तुकडा. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक घेर, म्हणजे साधारण एक मिसरा. सोळा बार झाले की एक कडवं होतं. आता हे उर्दू शाळेत शिकलेल्या कुणालाही अवघड वाटू नये. काफिया आपल्याकडे आहे, रदीफ आहे, वजन आहे, बैतबाजीत समोरच्याला अडकवण्याची सवय आहे. वर्गात आम्ही एकदा फळ्यावर एका मुलाच्या रॅपच्या चार ओळी लिहिल्या आणि काफिया कुठे तुटतो ते दाखवलं. पोरगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणलं. याला आपल्याकडे इस्लाह म्हणतात, आणि मोठ्या मोठ्या शायरांनी ती घेतली आहे.

मराठीतही हे नवं नाही. कलगी-तुऱ्यातला सवाल-जवाब म्हणजे दोन फडांनी एकमेकांना कवनातून घेरणं. रॅपमध्ये त्यालाच ‘डिस’ म्हणतात. आणि या परंपरेत आपली माणसं पहिल्यापासून आहेत. पेशवाईच्या काळातले लावणीकार सगनभाऊ मुसलमान होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफावर मैदानं भरायची ते शाहीर अमर शेख, मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. तेव्हा ‘हे आपल्यात कुठून आलं’ असं म्हणताना जरा जपून.

वस्तीतून यूट्यूबवर

स्टॅनविषयी सांगितलं जातं की लहानपणी तो कव्वाली म्हणायचा आणि शाळेत असतानाच लिहायला लागला. आम्हाला ते पटतं. गाणं ऐकलं तर श्वास कुठे तोडायचा, टाळी कुठे पडायची याची जाण कव्वालीवाल्या कानाची वाटते. हा आमचा अंदाज, पण वीस वर्षं मुलांकडून नात म्हणवून घेतल्यानंतरचा अंदाज.

त्याच्या आधी मुंबईत वाट पडलेली होती. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, त्याच आयपॅडवर व्हिडिओ काढला आणि यूट्यूबवर टाकलं. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचं ‘मेरे गली में’ आलं. या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ ला प्रदर्शित झाला, आणि त्यातला नायक मुराद हा धारावीतला मुसलमान मुलगा होता. मुंबईचाच बिलाल शेख, म्हणजे एमिवे बंटाय, कुठल्या मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय यूट्यूबवरून मोठा झाला. नावं बघा : नावेद, बिलाल, अल्ताफ. मोहल्ल्यातली पोरं आहेत.

यात एक गोष्ट कलेची नाही, मोबाइलची आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. त्याआधी गाणं लोकांपर्यंत पोचवायचं तर कॅसेट कंपनी, रेडिओ, नाहीतर सिनेमा हवा होता. त्यानंतर चिखलीतला पोरगा ताडीवाला रोडच्या पोराचं गाणं शाळेच्या व्हरांड्यात ऐकू लागला. स्टॅनची पिढी त्या दारातून आत आली.

‘वाटा’ हे त्याचं गाणं २०१८ चं. २०१९ मध्ये ‘अस्तगफिरुल्लाह’ आणि ‘खुजा मत’ आली आणि नाव पुण्याबाहेर गेलं. त्याच सुमारास एमिवे आणि त्याच्यात गाण्यांतून खटके उडाले. दोन्ही बाजूंची पोरं कमेंटमध्ये भांडत होती, आणि त्या भांडणाने दोघांचेही श्रोते वाढले. पुण्याला तो ‘पी-टाउन’ म्हणतो. भाषा म्हणाल तर हिंदी, पण आपल्या पुण्याची : मध्येच दखनीचा हेल, मध्येच मराठी शिवी, मध्येच इंग्रजी. ‘शेंबडी’ हा आपला शब्द ‘शेमडी’ होऊन टीव्हीवरून लखनौ-पाटण्यापर्यंत गेला, याचं श्रेय त्यालाच. आम्ही वर्गात शुद्ध भाषेचा आग्रह धरतो, तो धरतच राहू. पण पोरं जी भाषा बोलतात ती पहिल्यांदा कुणीतरी लाज न वाटून घेता गाण्यात वापरली, हेही मान्य करायला हवं.

‘तडीपार’ हा २०२० चा अल्बम. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली एखाद्याला ठरावीक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर काढतात, त्याला आपण तडीपार म्हणतो. वस्तीत हा शब्द भीतीने उच्चारतात, हा मुलगा तो अल्बमवर छापतो. यावर दोन मतं आहेत आणि आमच्या स्टाफरूममध्येही आहेत. एक म्हणतात, गुन्हेगारीचं कौतुक आहे. दुसरे म्हणतात, ज्या वस्तीतल्या मुलाला पत्ता सांगितल्यावर नोकरी नाकारतात त्याने तो पत्ता छातीवर लावला, एवढंच. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत, पण पूर्ण नाही. कारण गाण्यात हत्यार, नशा आणि मुलींबद्दलचं बोलणं येतं तेव्हा बारा वर्षांचा पोरगा ते वस्तीचं दुःख म्हणून ऐकत नाही, रुबाब म्हणून ऐकतो.

निर्माता म्हणजे काय

स्टॅनच्या बाबतीत लोक हमखास विसरतात ती गोष्ट ही : तो स्वतःचे बीट स्वतः बनवतो. आमच्या मते त्याच्या वाटचालीतलं सगळ्यात शिकण्यासारखं हेच आहे.

बीट बनवायला आज वाद्यवृंद लागत नाही. लॅपटॉप आणि एक सॉफ्टवेअर लागतं. भारतातल्या पोरांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव ‘एफएल स्टुडिओ’चं, जे बेल्जियममधल्या कंपनीने १९९७ मध्ये ‘फ्रूटी लूप्स’ म्हणून काढलं. पडद्यावर चौकोनांची रांग असते. कुठल्या चौकोनावर ठोका हवा ते भरायचं. एका रांगेत ढोल, दुसरीत टाळीचा आवाज, तिसरीत झांजेचा बारीक कटकटाट, चौथीत बेस. स्टॅन ज्या प्रकारची गाणी करतो त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या आसपास ही शैली वाढली. तिची खूण म्हणजे छातीत घुमणारा खालचा बेस. त्या आवाजाचं मूळ रोलँड या जपानी कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या ताल-यंत्रात आहे. ते यंत्र त्यावेळी बाजारात चाललं नाही, जुन्या सामानात स्वस्तात मिळू लागलं, आणि म्हणूनच गरीब पोरांच्या हाती लागलं.

गाण्यात आवाज यंत्रासारखा, गुळगुळीत होतो ना, अम्मी लोक ज्याला ‘रोबोट’ म्हणतात, तो ‘ऑटो-ट्यून’. हे १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड या माणसाने काढलं. तो आधी तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी जमिनीतून परत येणाऱ्या लहरींचं गणित करायचा. तेच गणित त्याने गळ्याला लावलं. मुलांना गणित कशाला शिकायचं असा प्रश्न पडला की आम्ही हे उदाहरण देतो. थोडा वेळ परिणाम होतो.

एक मुलगा लिहितो, चाल करतो, रेकॉर्ड करतो, आवाज नीट बसवतो आणि स्वतःच्या चॅनलवर टाकतो. अशा मुलाला ‘स्वतंत्र’ कलाकार म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीचा पगार नाही आणि कंपनीचा हुकूम नाही. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे बेकायदा नव्हे (हा खुलासा आम्हाला एका आजोबांना करावा लागला). रेडिओ-टीव्हीवर न येणारं, ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांना सांगून पसरलेलं, असा तो शब्द.

बिग बॉस आणि नंतर

१ ऑक्टोबर २०२२ ला स्टॅन ‘बिग बॉस’च्या घरात गेला. पहिले काही आठवडे तो कोपऱ्यात बसून असायचा. मन लागत नव्हतं, बाहेर पडायचं म्हणायचा, भांडणात शिव्या द्यायचा आणि सलमान खानकडून ऐकून घ्यायचा. मग अमरावतीचा शिव ठाकरे, साजिद खान, ताजिकिस्तानचा अब्दू रोझिक वगैरेंची ‘मंडली’ जमली. हा शब्दही आपल्या मराठीचाच. जानेवारीत घरच्यांच्या भेटीच्या आठवड्यात त्याची अम्मी आत आली. आमच्या ओळखीतल्या ज्या बायका आधी चॅनल बदलत होत्या त्या त्या आठवड्यानंतर त्याला मत द्यायला लागल्या. शेवटी शिव ठाकरे दुसरा आला आणि स्टॅन जिंकला. बक्षीस ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार. जिंकल्यानंतरच्या इन्स्टाग्राम लाइव्हला एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक जोडले गेल्याच्या बातम्या आल्या.

महिनाभरात दुसरी बाजू दिसली. मार्च २०२३ मध्ये इंदूरचा त्याचा कार्यक्रम करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी शिवराळ भाषेवर आक्षेप घेत बंद पाडला. शिव्यांवर आमचाही आक्षेप आहे, पण तिकीट काढून आलेल्यांचा कार्यक्रम मंचावर चढून बंद पाडणं वेगळी गोष्ट. २०२४ मध्ये तर त्याने स्वतःच रॅप सोडत असल्याच्या अर्थाचं काहीतरी इन्स्टाग्रामवर लिहिलं, नंतर मन खचल्यासारखंही लिहिलं, आणि चाहते घाबरले. पंचविशीही न ओलांडलेला मुलगा, वस्तीतून उठून पाच लाख लोकांसमोर उभा. असं घडल्यावर त्याच्याशी बोलायला कोण असतं? ज्या पोरांच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे त्यांच्याशी आम्ही त्या दिवसांत बोललो. एकाने विचारलं, “सर, त्याच्याकडे तर सगळं आहे ना?” आम्ही उत्तर दिलं नाही, वर्गातच दुसऱ्या मुलांना बोलू दिलं. त्या तासाला अलजेब्रा झालं नाही.

शिव्या, दीन आणि घर

हा विषय टाळून लेख लिहिता आला असता, पण मग तो आपल्या वाचकांसाठी झाला नसता. संगीत जायज की नाजायज यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत, वाद्यांबद्दल तर फारच. फतवा देणं आमचं काम नाही. ज्यांना विचारायचं त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. पण घरात काय होतं ते आम्ही पाहतो. अब्बू म्हणतात ‘हराम आहे, बंद’. पोरगा म्हणतो ‘हो’. आणि मित्राच्या खोलीवर चालू ठेवतो. तिथे काय लिहितो, कुणाबरोबर बसतो, काय ओढतो, हे मग घरी कुणालाच कळत नाही.

नेझीचं उदाहरण इथे कामाचं आहे. नाव झाल्यावर घरच्यांची नाराजी आणि दीनचा प्रश्न यांमुळे तो काही काळ गाण्यापासून बाजूला झाला होता, हे त्याने मुलाखतींत उघड सांगितलं आहे. नंतर तो परतला, आणि २०२० मध्ये त्याचा अल्बम आला त्याचं नाव ‘मगरेब’. स्टॅनच्या गाण्याचं नाव ‘अस्तगफिरुल्लाह’, म्हणजे मी अल्लाहकडे माफी मागतो. कुणी म्हणेल, पवित्र शब्दाचा वापर करू नये. बरोबर आहे. पण त्याच मुलाच्या इतर गाण्यांत शिव्या असताना हा शब्द त्याला का सुचला, याचा विचारही करायला हवा. या मुलांच्या मनात हा हिशेब चालू असतो. तो घरात मोठ्याने बोलता आला तर बरं.

शिव्यांचं म्हणाल तर आम्ही वर्गात एक साधी अट ठेवली आहे : जे अम्मीसमोर म्हणता येईल ते इथे म्हण. पोरं आधी कुरकुरतात. पण शिवी काढली की त्या जागी शब्द शोधावा लागतो, आणि तिथेच खरी मेहनत सुरू होते.

सही करण्याआधी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला ती.

आमचा एक जुना विद्यार्थी दहावीनंतर आयटीआय करून चाकण एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागला. पहाटेच्या पाळीला कंपनीची बस साडेपाचला नाक्यावर यायची. बसमध्ये मोबाइलवर लिहायचा. पगारातून साठवून जुना लॅपटॉप आणि माइक घेतला. खोलीत गाद्या उभ्या करून, पंखा बंद करून रेकॉर्ड करायचा, कारण पंख्याचा आवाज माइक पकडतो. दोन वर्षांत एक गाणं जमलं. खरंच जमलं होतं. मग एका ‘म्युझिक कंपनी’चा फोन आला. व्हिडिओ आम्ही काढतो, नाव करतो, सही कर. स्टँप पेपर, इंग्रजीत आठ पानं. त्याने केली. गाणं त्यांच्या चॅनलवर गेलं, आणि आज ते गाणं त्याला स्वतःच्या चॅनलवर टाकता येत नाही. पुढची तीन वर्षं जे करील त्यावरही त्यांचा हक्क, असं त्यात लिहिलेलं निघालं. कागद घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. तो रागावलेला नव्हता. लाजला होता, की सर, मला वाचता आलं नाही.

त्या दिवसानंतर आम्ही थोडा कायदा वाचला. वकील नाही, पण एवढं मुलांना आणि वालिदैनना माहीत असावं.

गाण्यात हक्क एक नसतो, निदान तीन असतात : शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. स्वतः लिहून, स्वतः बीट बनवून, स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलं असेल तर तिन्ही त्याचेच, नोंदणी केली नसली तरी. शब्द आणि चालीवरचा हक्क आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. रेकॉर्डिंगचा ६० वर्षं. स्टॅनसारख्याचं स्वतः बीट बनवणं का महत्त्वाचं, ते इथे लक्षात यावं. दुसऱ्याचा बीट इंटरनेटवरून उचलला तर चालीचा मालक दुसरा असतो, आणि गाणं गाजलं की तो येतो. यूट्यूबची यंत्रणा असा बीट स्वतःच ओळखते आणि कमाई मालकाकडे वळवते. ‘फ्री बीट’ लिहिलं असलं तरी खाली बारीक अक्षरांत बहुतेक वेळा अट असते.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये मोठा बदल झाला, ज्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर पाठपुरावा केला होता. सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये वापरलेल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहसा करार करूनही काढून घेता येत नाही. ही रक्कम गोळा करून वाटणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. गीतकार आणि संगीतकार तिचे सदस्य होऊ शकतात. हक्क कुणाला लिहून दिला आणि कागदात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून हुशार मंडळी मुदत लिहितातच, आणि ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असं लिहितात. हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवायचं आणि कागद घरी आणायचा. जो ‘आत्ताच सही कर’ म्हणतो त्याला तर नकोच.

आणि १८ पूर्ण नसलेल्या मुलाने केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल असतो. म्हणून काही जण अब्बूंची सही मागतात. अब्बू, न वाचता करू नका.

कमाईचं गणितही सांगून ठेवतो, कारण पोरं व्ह्यूजचा आकडा दाखवतात आणि घरच्यांना वाटतं पैसे आले. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला आधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा छोट्या व्हिडिओंचे तीन महिन्यांत एक कोटी व्ह्यूज). त्यानंतरही थोडेच येतात. स्वतंत्र रॅपरचं पोट मुख्यतः कार्यक्रमांवर चालतं : कॉलेजचे महोत्सव, क्लब, कधी ब्रँडची जाहिरात. काम महिना-महिना नसतं. चाकणची कंत्राटी नोकरी पक्की नाही म्हणून रॅप करावं, असं एखादा पोरगा म्हणतो. तर रॅप तिच्यापेक्षाही कच्चं आहे. दोन्ही चालवणारे जास्त टिकतात. ज्याला गाण्यात पडायचंच आहे त्याने साउंड रेकॉर्डिंग, मिक्सिंग शिकावं. दुसऱ्यांची गाणी नीट करून देण्याचे पैसे स्वतःच्या गाण्याआधी मिळतात.

राजकारणावर लिहिताना थोडं सांभाळून. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर सरकारवरच्या मराठी रॅपमुळे गुन्हा दाखल झाला होता. लिहू नका असं आम्ही सांगत नाही. अमर शेखांचं नाव घेऊन तसं सांगता येणारही नाही. पण लिहिणाऱ्याच्या घरी एका वकिलाचा नंबर असावा.

मराठीतून रॅप करणाऱ्यांनाही आता ऐकणारे मिळू लागले आहेत. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने एमटीव्हीच्या ‘हसल’ स्पर्धेत वऱ्हाडी ठसक्यात म्हणून दाखवलं आणि देशभरातल्या परीक्षकांना ते आवडलं. आपल्या पोरांकडे तर दोन्ही आहेत, घरात दखनी-उर्दू आणि रस्त्यावर मराठी.

तो चाकणवाला विद्यार्थी अजून लिहितो. मागच्या महिन्यात इतवारी आला होता, सोबत नवा कागद, यावेळी एका कार्यक्रमाचा. तीन पानं होती. चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी ती ओळीवर बोट ठेवून वाचली. दुसऱ्या पानावर ‘कायमस्वरूपी’ सापडलं. त्याने स्वतःच त्याखाली रेघ मारली, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.